वर्ध्याची टकळी



आपल्या भाषेने टकळीची थोडी थट्टाच केली आहे. जो अखंड बोलत सुटतो त्याची टकळी चालू आहे, असे आपण म्हणतो. व्याख्यात्याने तर हा शब्द जरा जपूनच उच्चारावा! पण वर्धा जिल्ह्यात १९३७ सालापासून पुढची वीसएक वर्षे या टकळीवर शिक्षणाचा जो एक मोठा डाव मांडला गेला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. हल्ली प्राथमिक शाळेत यंत्रे आणावयाची म्हटले की पडदा, संगणक, हातातली काचेची पाटी एवढेच डोळ्यांपुढे येते. यंत्राने धडा समृद्ध होतो की नाही, आणि होतो तर केव्हा, हा प्रश्न मात्र पडद्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. आणि त्याच्यावर सर्वांत कसून विचार जेथे झाला, ते ठिकाण आपल्या वर्धा स्टेशनपासून दोन-अडीच कोसांवर आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या जुन्या शाळांत साधने नव्हती असे नाही. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत. त्यावरूनच धुळाक्षरे हा शब्द आला. धूळ हे फुकटचे साधन. चुकले की हात फिरवला, पाटी कोरी. १७९०च्या सुमारास मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालवणारे डॉ. अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने लिहिताना पाहिली, आणि ती युक्ती, तसेच मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवण्याची रीत, ते इंग्लंडला घेऊन गेले. तिकडच्या गरिबांच्या शाळांत वाळूचे ताट वापरात आले. म्हणजे शिक्षणाच्या साधनांचा व्यापार पश्चिमेकडून पूर्वेकडेच चालतो, असे मानण्याचे कारण नाही.

या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ होत असत. पाढे पक्के होत; पण पाऊणकीचा उपयोग मुलाला दुकानाच्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नसे. इंग्रजी अमलातल्या शाळांत पाटी-पेन्सिल आली, काळा फळा आला, नकाशे आले, छापील पुस्तक आले. साधने वाढली, मुलाचा हात मात्र मांडीवर घडी घालून बसला. गांधीजींचा रोख या घडी घातलेल्या हातावर होता.

वर्धा हे ठिकाण यासाठी का निवडले गेले, हे समजावयाचे तर कापसाकडे पाहावे लागते. १८६२ साली नागपूरमधून हा जिल्हा वेगळा काढला गेला, आणि १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोहोचली. हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावानिशी ओळखला जात होता. शतकाच्या अखेरीस हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडगिरण्याही उभ्या राहिल्या. कापूस पिकवणारा शेतकरी येथे, गिरणी येथे, आणि तरी खेड्यातील माणूस कापड विकत घेणारा! या विसंगतीच्या मधोमध १९२१ साली विनोबा वर्ध्यास आले, जमनालालजी बजाज यांचा आधार होताच. १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी तेलघाणी, हातकागद, जाते अशा खेड्यातल्या यंत्रांचा अभ्यास आरंभिला. १९३६ पासून गांधीजी शेगावी राहू लागले. (विदर्भातील दुसऱ्या शेगावाशी टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले.) गांधीजी यंत्रांचे वैरी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: सुधारलेल्या चरख्यासाठी १९२९ साली चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते.

१९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. सार्वत्रिक शिक्षण हवे, पण पैसा दारूवरच्या करातून येणार आणि दारूबंदी तर करावयाची, असा पेच होता. त्याच वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. जमवाजमवीचा भार श्रीमन्नारायण अगरवाल यांनी उचलला होता. चार ठराव झाले. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सर्व विषयांची गुंफण, आणि या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांच्या पगाराचा खर्च निघेल अशी अपेक्षा. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, जाजूजी, सैयदैन, के. टी. शाह, आर्यनायकम् आणि आशादेवी यांच्यासारखी माणसे तीत होती. २ डिसेंबरला, म्हणजे दीड महिन्याच्या आतच, अहवाल तयार! हल्लीच्या समित्यांनी हेवा करावा असा वेग.

त्या अहवालातील वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. साडेपाच तासांची शाळा. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणित यांना, ३० मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना, आणि उरलेली व्यायाम व सुट्टीला. हे आकडे वाचून सुशिक्षित पालक दचकले, यात नवल नाही. गणिताला संगीताच्या पंगतीत बसवून सर्वांना मिळून ४० मिनिटे? पण या मंडळींचे उत्तर असे की गणिताचा खरा तास त्या ३ तास २० मिनिटांतच आहे.

ते कसे, हे टकळी हातात घेतल्याशिवाय समजत नाही. टकळी म्हणजे एक वीतभर सळई आणि तिच्या खालच्या अंगाला बसवलेली एक चकती. चकती वर का बसवली नाही, खालीच का? जड भाग खाली असला की ती डगमगत नाही. चकती फार लहान केली तर गती लवकर मरते, फार मोठी केली तर पहिला झटका देताना बोटे दमतात. सात वर्षांच्या मुलाला ही यंत्रशास्त्राची पहिली धुळाक्षरे आहेत, आणि ती त्याला कोणी सांगावी लागत नाहीत. टकळी पडली की कळतात. बांबूची काडी आणि फुटक्या कौलाचा घासून गोल केलेला तुकडा एवढ्यावर मुलाला स्वतःची टकळी करता येते, आणि मोडली तर दुरुस्तही करता येते. माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण.

आता हिशेब पाहा. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. एका मुलाने दिवसात ९६ तार काढले, तर गुंडी पुरी व्हावयास किती दिवस लागतील? सहा दिवस आणि वर दोन तृतीयांश. अपूर्णांक येथे पुस्तकातून येत नाही, फाळक्यावर अर्धवट राहिलेल्या सुतातून येतो. मग गुंडी तागडीत टाकावयाची. ४० तोळ्यांत, म्हणजे अर्ध्या शेरात, अशा जितक्या गुंड्या मावतील तितका त्या सुताचा नंबर. गुंडी ४ तोळे भरली तर सूत १० नंबरी. २ तोळे भरली तर २० नंबरी. अडीच तोळे भरली तर १६ नंबरी. वजन घटते तसा नंबर चढतो. व्यस्त प्रमाण हा शब्द ऐकण्यापूर्वीच मुलाच्या मनात ते प्रमाण बसलेले असते, कारण सूत बारीक निघावे ही त्याची स्वतःची हौस आहे. पंतोजींची अडीचकी येथे कामाला येते.

एवढ्यावर थांबत नाही. पेळू तुटतो का? तंतू आखूड आहे. आखूड का? बियाणे, जमीन, पाऊस, झाला भूगोल. आजीच्या घरात चरखा होता तो माळ्यावर का गेला? झाला इतिहास, ढाक्याच्या मलमलीपासून मँचेस्टरपर्यंत. टकळीवरून मूल पुढे पेटीचरख्यावर जाते. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चातीचे किती फेरे होतात, हे मोजताना परीघ आणि व्यास यांची गाठ पडते. या गुंफणीला त्यांनी समवाय म्हटले.

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना मान्य केली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. त्याचा भार आर्यनायकम् आणि आशादेवी या पतिपत्नींनी वाहिला. ते सिंहलद्वीपाचे, त्या बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून आलेली. सुतामागचे गाणे आणि चित्र हरवू नये, याची काळजी घेणारी माणसे तेथे होती. १९४४ पासून देवीप्रसाद यांनी सेवाग्रामच्या मुलांच्या हाती रंग दिले, आणि पुढे मुलांची कला या विषयावर ग्रंथ लिहिला. याच सुमारास तिकडे कोकणपट्टीत बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसोरीबाईंच्या महागड्या लाकडी साधनांच्या जागी गावात मिळणाऱ्या वस्तू घेऊन बालवाडी उभी केली. दोन्हीकडे विचार एकच: साधन गावात होणारे हवे.

मग हे टिकले का नाही? येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. चौथा ठराव मुळातच घातक होता. मुलांच्या श्रमातून शिक्षकाचा पगार काढावयाचा म्हटल्यावर साधनाचे अवजार होते आणि वर्गाचा कारखाना होतो. परिषदेतच के. टी. शाह यांनी यावर आक्षेप घेतला होता. खुद्द झाकीर हुसेन यांच्या अहवालातही इशारा आहे की कमाईवर भर दिला तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल आणि शिक्षक मुलांना राबवून घेऊ लागतील. इशारा छापला गेला. अंमल करणाऱ्यांनी आकडेच मोजले. तिकडे मध्यप्रांताच्या विद्यामंदिर योजनेच्या नावावरूनच मुस्लिम लीगने काहूर उठवले, तो वाद वेगळा. त्यात टकळीचा दोष नव्हता.

दुसरे कारण शिक्षकाचे. सुतावरून मँचेस्टरपर्यंत जावयाचे तर शिक्षकाला मँचेस्टर ठाऊक पाहिजे आणि सूतही काढता आले पाहिजे. असा शिक्षक सेवाग्रामला घडत होता. हजारो शाळांना तो एकदम कोठून मिळणार? स्वातंत्र्यानंतर पुष्कळ ठिकाणी शाळेच्या पाटीवर 'बुनियादी' हा शब्द चढला, टकळ्यांची पेटी आली, आणि सूतकताई हा वेळापत्रकातला आणखी एक तास झाला. समवाय गेला, कताई उरली. १९५६ साली जी. रामचंद्रन यांच्या समितीने पाहणी केली तेव्हा बुनियादी आणि साध्या शाळा शेजारी शेजारी चालू होत्या. हे दुभंगलेपण जीवघेणे ठरले. कारण शहरातला वकील, डॉक्टर, व्यापारी आपला मुलगा साध्या शाळेत घालणार आणि टकळी खेड्यातल्या मुलाला देणार, हे त्या मुलाच्या बापाला लगेच समजले. ज्याच्या पिढ्या कष्टात गेल्या त्याला शाळेकडून कष्टातून सुटका हवी होती. त्याचा संशय मला अडाणीपणाचा वाटत नाही. आपण नगरवासीयांनी टकळीला नमस्कार केला आणि ती दुसऱ्याच्या मुलाच्या हातात ठेवली!

पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभव म्हटले, १९७७ नंतर समाजोपयोगी उत्पादक कार्य आले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे शिकावयास पाठवावे असे म्हटले आहे. दहा दिवस! ३ तास २० मिनिटांचा तो रोजचा हिशेब एकदा आठवून पाहावा.

सेवाग्रामची मूळ शाळा बंद पडली होती. २००५ साली त्याच आवारात आनंद निकेतन या नावाने ती पुन्हा सुरू झाली. कापूस, शेती, स्वयंपाक यांतून तेथे गणित आणि विज्ञान शिकवले जाते. आणि वर्ध्यात मगनवाडीला, गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेले मगन संग्रहालय आहे. आपल्यापैकी कित्येकजण त्या रस्त्याने रोज जातात. मुलांना घेऊन एकदा आत जावे. आणि कोठे टकळी मिळाली, तर चकती खाली का बसवली आहे, हे मुलांना सांगू नये. ती त्यांच्या हातात द्यावी आणि पडू द्यावी.