वेशीवरचा निरोप

माझी दादी प्लेगच्या गोष्टी सांगायची. तिने त्या सासूकडून ऐकलेल्या. घरात उंदीर मरून पडला, की म्हसवडची माणसं भांडीकुंडी उचलून माणगंगेकाठच्या रानात झोपड्या घालायची. ज्या घरी हा निरोप उशिरा पोचला, तिथलं माणूस गेलं, असं ती म्हणे.

शरीराचंही तसंच आहे, हे मला फार उशिरा वाचून कळलं. आपल्या रोगप्रतिकारक पेशींच्या वेशीवर राखणदार असतात. त्यातला एक म्हणजे टीएलआर-४. जंतूच्या आवरणातला एक रेणू तो ओळखतो. पण राखणदाराने ओळखून काय होणार? चावडीपर्यंत, म्हणजे पेशीच्या केंद्रकापर्यंत, वर्दी पोचायला हवी. तिची सुरुवात मायडी-८८ हे दुवा-प्रथिन करतं. ते स्वतः कुठलीच रासायनिक क्रिया घडवीत नाही. एका हाताने राखणदाराचं आतलं टोक धरतं, दुसऱ्याने पुढची प्रथिनं जवळ ओढतं, बस्स. मग एकाकडून दुसऱ्याकडे वर्दी सरकते, जनुकं जागी होतात, अंगात ताप चढतो. असल्या मधल्या माणसाची किंमत काय, ते २००८ साली दिसलं : जन्मतःच हे प्रथिन निकामी असलेल्या मुलांना लहानपणीच जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग होत होते.

प्लेगचा जंतू महाबिलंदर. माणसाच्या अंगातल्या ३७ अंश उबेत तो आवरणातला रेणूच बदलतो, राखणदाराला नीट ओळख पटत नाही. शिवाय पेशीत स्वतःची प्रथिनं टोचून पुढच्या निरोप्यांचे पाय बांधतो.

यातलं काहीही ठाऊक नसताना वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तुपाचे थेंब तरंगणाऱ्या रश्शात हे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतले. मेलेल्या जंतूला निरोप्यांचे पाय बांधता येत नाहीत. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, आमच्या जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या.

लस होती, पण लोक बिचकत होते. तेव्हा विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या जमातीसमोर स्वतः टोचून घेतलं. त्यांचं पाहून त्यांचे अनुयायी पुढे आले.

दादीच्या गोष्टींत मात्र लस कुठेच नव्हती. झोपड्या होत्या, माणगंगेचं कोरडं पात्र होतं, आणि संध्याकाळी गावाकडे बघत बसलेली माणसं.