भाषा कोणाची, की कोणाशी? : सोलापूरच्या भाषिक इतिहासाचे दोन प्रश्न

भाषा आणि समाज यांचा परस्परसंबंध हा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विषय होण्यापूर्वीच सोलापुरात तो वादाचा विषय झालेला होता. मात्र या वादाच्या केंद्रस्थानी ‘ही भूमी कोणत्या भाषेची?’ हा प्रश्न होता. जोशुआ फिशमन यांनी १९६५ मध्ये बहुभाषिक समाजाच्या अभ्यासासाठी मांडलेला प्रश्न निराळा आहे : कोण, कोणाशी, केव्हा, कोणती भाषा बोलतो? पहिला प्रश्न मालकीचा आहे, दुसरा व्यवहाराचा. सोलापूरविषयीचे बरेचसे लेखन पहिल्या प्रश्नाच्या चौकटीत झाले, आणि त्यामुळे उपलब्ध साधनांचा अर्थही संकोचला.

भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० (इ. स. १०१८) चा मराठी लेख हे याचे ठळक उदाहरण. आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेल्या या लेखाची चर्चा प्रामुख्याने मराठीच्या आद्य शिलालेखाचा मान कोणाला, या अंगाने झाली. वस्तुतः याच परिसरात कन्नड कोरीव लेख विपुल आहेत, आणि बाराव्या शतकात सोलापूरच्या सिद्धरामांनी आपली वचने कन्नडमध्ये रचली. तेव्हा विचारावयाचा प्रश्न असा की, एकाच मुलखात कोणत्या प्रयोजनासाठी कोणती भाषा दगडावर कोरली जात होती आणि ती कोणी वाचावी अशी अपेक्षा होती. भाषांच्या सहअस्तित्वाची व्यवस्था हा खरा विषय. अग्रक्रमाचा निर्णय हा त्याचा केवळ एक भाग.

विसाव्या शतकात मालकीच्या प्रश्नाला प्रशासकीय रूप आले. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव कर्नाटकात ठेवून दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट हा भाग कर्नाटकाला देण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. महाराष्ट्राची भूमिका खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या तत्त्वांवर उभी होती. परंतु बहुसंख्या मोजावयाची तर प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे एकच मातृभाषा असावी लागते. घरी कन्नड, बाजारात मराठी आणि शेजारी दखनी ऐकणारा माणूस या मोजणीत एका रकान्यात बसतो. त्याचा उरलेला भाषाव्यवहार नोंदीबाहेर राहतो.

नेमका हा उरलेला व्यवहार जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे अभ्यासला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तेथे जैन व लिंगायत कन्नड, मुसलमान उर्दू आणि दलित व भूमिहीन मजूर मराठी बोलत. आंतरजातीय व्यवहाराची भाषा मराठी होती. शतकानुशतकांच्या संपर्काने या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, शब्दाला शब्द ठेवून अनुवाद करता यावा. मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद तेथील उर्दूनेही स्वीकारला होता. शब्दसंपदा मात्र वेगळीच राहिली, कारण घरची भाषा हे जातीय वेगळेपणाचे चिन्ह होते. म्हणजे व्याकरणाने अंतर मिटविले आणि समाजरचनेने ते जपले.

तथापि हे प्रतिमान सोलापूरला जसेच्या तसे लावता येणार नाही. कुपवाड हे दीर्घकाळ स्थिरावलेले कृषिग्राम होते. सोलापूर हे स्थलांतरावर वाढलेले गिरण्यांचे आणि हातमागांचे शहर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात तेलुगू टिकविली ती माग, वस्ती आणि जातिसंस्था यांच्या आधाराने. मराठी ‘माग’, कन्नड ‘मग्ग’ आणि तेलुगू ‘मग्गम’ यांचे साधर्म्य उघड आहे. पण शब्दसाम्यावरून मालक आणि कामगार यांच्यातील संभाषण कोणत्या भाषेत होते, हे कळत नाही. विडी वळणारी तेलुगूभाषक स्त्री कारखान्यात हिशेब कोणत्या भाषेत करते आणि मुलांशी कोणत्या भाषेत बोलते, हे क्षेत्रकार्यानेच सांगता येईल. शिवाय असे निष्कर्ष कालबद्ध असतात. सुमारे चार दशकांनंतर सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडला पुन्हा जाऊन मूळ प्रतिमानाची चिकित्सा केली, ती याच जाणिवेने महत्त्वाची ठरते.

सोलापूरची महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. अभ्यासविषय आणि अभ्यासक्षेत्र यांची अशी भौगोलिक एकरूपता दुर्मीळच. पण पदव्युत्तर अध्यापन भाषावार विभागांत वाटलेले असते, आणि ही वाटणी जनगणनेच्या रकान्यांसारखीच आहे : मराठीच्या विद्यार्थ्याने मराठी पाहावी, कन्नडच्या विद्यार्थ्याने कन्नड. त्यातून विद्यार्थी लबॉव्हचे न्यूयॉर्क शिकतो आणि स्वतःच्या बोलीला मात्र अशुद्ध समजतो. जो भाषाव्यवहार आयोगाला मोजता आला नाही, तो विद्यापीठालाही दिसला नाही, तर समाजभाषाविज्ञान हे केवळ परिभाषेचे पाठांतर ठरेल.