प्रवासी, पंगत आणि प्रादेशिक अन्न : वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशाचे अन्न त्या प्रदेशात प्रवास करणाऱ्या परक्या माणसास कोठे मिळते, हा प्रश्न वरकरणी पर्यटनाचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. कोणते पदार्थ घराबाहेर पडले, कोणते चुलीपाशीच राहिले आणि पंगतीत कोणाला स्थान मिळाले, या तिन्ही बाबी समाजरचनेशी निगडित आहेत. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडसारख्या गावी येणाऱ्या पाहुण्यास कचोरी, आलूबोंडा, पोहे सहज मिळतात. परंतु रोडगे, कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी किंवा सरोळ्या खावयाच्या असतील तर त्यास कोणाच्या तरी घरीच जावे लागते. असे का घडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

तुलनेसाठी एक उदाहरण : इटली

प्रादेशिक अन्न आणि प्रवास यांचा संबंध इटलीत विशेष स्पष्टपणे दिसतो. १८६१ मध्ये इटलीचे राजकीय एकीकरण झाले, तरी प्रत्येक प्रांताचे अन्न वेगळेच राहिले. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी १८९१ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने पाककृतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीतील ४७५ पाककृतींची संख्या पुढील आवृत्त्यांत ७९० वर गेली. या वाढीत वाचक गृहिणींनी पत्राने कळविलेल्या कृतींचाही वाटा होता. १८९४ मध्ये मिलान येथे स्थापन झालेल्या 'तूरिंग क्लब' या प्रवासी संस्थेने १९३१ मध्ये देशाची खाद्यमार्गदर्शिका काढली आणि कोणत्या गावी कोणता पदार्थ प्रसिद्ध आहे, याची प्रांतवार नोंद केली. आर्तुसींच्या ग्रंथात दक्षिण इटलीला अल्प स्थान मिळाले, ही त्याची मर्यादा होय. तथापि प्रवाशाच्या हाती लिखित नोंद आल्यामुळे स्थानिक पदार्थांना गावाबाहेर नाव मिळाले.

वऱ्हाडात मात्र असे घडले नाही. १८७० मध्ये सर आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले. पण अशा शासकीय ग्रंथांचा रोख महसूल, जमीन, पिके व जाती यांवर असे. मराठीत १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. या ग्रंथांची योग्यता वादातीत आहे. परंतु वऱ्हाडच्या शेतकरी व श्रमिक कुटुंबांच्या स्वयंपाकाची गावनिहाय नोंद करणे, हे त्यांचे प्रयोजन नव्हते.

शिदोरी आणि विटाळ

रेल्वेपूर्व काळात प्रवासी आपले अन्न सोबत बाळगीत असे. दशमी हा त्याचा उत्तम नमुना होय. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजविली जाते. त्यामुळे ती अधिक काळ टिकते. शिवाय पाण्याचा स्पर्श नसल्याने ती विटाळापासून मुक्त समजली जाई. म्हणजे टिकाऊपणा आणि सोवळे या दोन्ही गरजा एकाच पदार्थाने भागविल्या. सोबत जवसाची वा तिळाची चटणी, कांदा व ठेचा असला की शिदोरी पूर्ण होई.

ही व्यवस्था सर्वांना सारखी उपलब्ध नव्हती. याचे सर्वाधिक बोलके उदाहरण वऱ्हाडाबाहेरील, सातारा जिल्ह्यातील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९०१ मधील आपल्या बालपणीच्या प्रवासाची आठवण लिहून ठेवली आहे. मसूर स्थानकावरून वडिलांकडे निघालेल्या त्या मुलांजवळ खाण्याचे डबे होते. परंतु अस्पृश्य म्हणून वाटेत पाणी मिळाले नाही आणि रात्र उपाशी काढावी लागली. अन्न जवळ असूनही जेवता न येणे, ही गोष्ट प्रवासातील अन्नाच्या इतिहासात केंद्रस्थानी असली पाहिजे. रेल्वे स्थानकांवरही 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे भेद स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत टिकून होते.

या भेदास छेद देणारी परंपराही वऱ्हाडातच आढळते. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे वास्तव्य केलेल्या श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांत अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या वस्तीत जाण्याचे व अन्नपाण्याचा विटाळ न मानण्याचे प्रसंग आहेत. महानुभाव साधकांच्या भिक्षावृत्तीमुळे घरोघरचे अन्न एका झोळीत येई. विसाव्या शतकात संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हाच प्रश्न बांधकामाच्या रूपाने हाताळला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या या पुरुषाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा व अन्नदानाची सोय उभी केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. प्रवाशास आधी बसावयास जागा हवी, ही जाण त्यामागे दिसते.

रेल्वे, कापूस आणि कचोरी

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी प्रशासनाखाली आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) येथील कापसास मोठी मागणी आली आणि १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके या मार्गावर आली. कापसाच्या बाजारपेठांतून व्यापारी, अडते, मुनीम यांची ये-जा वाढली. त्यांच्या जेवणाची सोय करणारे बासे व खानावळी साहजिकच येणाऱ्यांच्या रुचीप्रमाणे चालत. स्थानिक शेतकरी बाजाराला येताना भाकर बांधूनच आणी. तो खानावळीचे गिऱ्हाईक नव्हता. त्यामुळे बाजारपेठेच्या गावी विकत मिळणारे अन्न आणि त्या गावच्या घरांतील अन्न यांच्यात अंतर पडत गेले.

शेगावची कचोरी या प्रक्रियेची साक्ष देते. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्थानकावर ती सुरू केली. आज वऱ्हाडातून जाणारा प्रवासी या प्रदेशाचा पदार्थ म्हणून प्रथम तिचेच नाव घेतो. निर्वासिताच्या हातचा पदार्थ वऱ्हाडाने आपला मानला, ही अभिमानाची बाब आहे. तिच्या यशास तांत्रिक कारणही आहे : ती दिवसभर टिकते, कागदात बांधता येते, तळलेल्या हिरव्या मिरचीबरोबर उभ्याने खाता येते आणि गाडी थांबते तेवढ्या वेळात विकता येते.

घरी राहिलेले पदार्थ

याउलट ज्वारीच्या पिठात चिवटपणा नसल्याने भाकर एकेक करून हाताने थापावी लागते आणि ती तव्यावरून थेट ताटात यावी लागते. रोडग्यांसाठी जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजावे लागतात. तूप, वरण व वांग्याची भाजी यांसह ते समूहानेच खाल्ले जातात. कणकेची पाती बारीक काडीवर गुंडाळून केलेल्या सरोळ्या उन्हाळ्यात वाळवून ठेवतात आणि आमरसाबरोबर वाढतात. नळीसारख्या या सरोळ्या पाहिल्या की इटलीच्या पास्त्याची आठवण येते. फरक इतकाच की पास्ता खानावळीत आला, सरोळ्या मात्र जावयाच्या पाहुणचारापुरत्या राहिल्या. हे सारे श्रम बहुतांशी स्त्रियांचे, बिनमोल आणि बिननावाचे असल्यामुळेही त्यांची नोंद झाली नाही.

अपवाद यात्रांचा. चांदूर बाजार तालुक्यातील बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन महिन्याहून अधिक काळ चालते. तेथे रोडगे आणि मातीच्या हंडीतील मटण खाण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. शेगावी श्रीगजानन महाराजांच्या प्रकटदिनास झुणका-भाकर व अंबाडीच्या भाजीस भक्तांच्या लेखी मानाचे स्थान आहे. प्रवाशास वऱ्हाडी अन्न चाखावयाचे असेल तर आजही यात्रा, भंडारा व शेतावरची रोडग्यांची पंगत याच खऱ्या जागा आहेत.

शासनानेही या अन्नाची दखल घेतली, ती स्वस्ताईच्या अंगाने. १९९५ मध्ये युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीत मात्र चपाती, भाजी, वरण व भात होता. पंचवीस वर्षांत शासकीय थाळीतून भाकर गेली. विदर्भातील शेतांतूनही ज्वारी हटून सोयाबीन व कापूस वाढल्याचे आपण पाहतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. वऱ्हाडात विकत मिळणारे अन्न हे रेल्वे व कापूसबाजार यांनी घडविले. घरातील अन्न त्यात अभावानेच आले.

२. प्रवासात काय खावे यापेक्षा कोणाबरोबर बसून खावे, हा प्रश्न येथे दीर्घकाळ निर्णायक होता. म्हणून धर्मशाळा, अन्नछत्र व पंगत यांचा इतिहास हा खाद्येतिहासाचाच भाग मानला पाहिजे.

३. लिखित नोंदीचा अभाव हे वऱ्हाडी अन्न अप्रसिद्ध राहण्याचे प्रमुख कारण आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील दलित समाजाच्या अन्नाची नोंद करून मार्ग दाखविला आहे. वऱ्हाडात तसे काम व्हावयाचे आहे.

हिवरखेडमार्गे जाणारी अकोला-खंडवा मीटरगेज वाहतूक २०१७ मध्ये गेजबदलासाठी थांबली. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून नवा मार्ग हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने नेण्याचे ठरले. रेल्वे पुन्हा येईल तेव्हा तिच्याबरोबर प्रवासी आणि खाद्यपदार्थांचे ठेलेही येतील. त्यापूर्वी आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व गृहअर्थशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांच्या आजींकडून गावनिहाय पाककृती, त्यांचा हंगाम आणि त्या कोणासोबत खाल्ल्या जात, याची नोंद करून घ्यावी. आर्तुसींना हे काम पत्रांनी साधले. आपले विद्यार्थी तर रोज त्याच घरांतून वर्गात येतात. मात्र ज्यांच्या हाती हे ज्ञान आहे त्या आजी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, हे लक्षात घेता या कामास विलंब परवडणारा नाही.