इंटरनेटची सरकारी मदत घरात का शिरत नाही?

गॅसची सबसिडी खात्यात जमा होते, रेशनचं धान्य घरात येतं. मग इंटरनेटसाठी सरकार जो पैसा खर्च करतं, तो कुणाच्या हातात पडतो? आज वाशिम जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून आपण हा इतिहास पाहू.

१९९९च्या दूरसंचार धोरणानं ठरवलं, की धंदा परवडत नाही अशा गावातही सेवा पोचली पाहिजे. त्यासाठी १ एप्रिल २००२ पासून एक निधी उभा राहिला. कंपन्यांच्या महसुलाचा ठरावीक वाटा त्यात जातो, म्हणजे आपल्या रिचार्जमधलेच थोडे पैसे. सुरुवातीला त्यातून गावचा सार्वजनिक फोन आला. जानेवारी २००९ मध्ये बीएसएनएलशी करार झाला: ग्रामीण भागात पाच वर्षांत ८,८८,८३२ ब्रॉडबँड जोडण्या. पण अनुदान कंपनीला, आणि जोडणी टेलिफोनच्या तारेवरून. ज्या घरात ती तारच नव्हती, त्याचं काय?

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रानं ऑप्टिकल फायबरची योजना मंजूर केली; तीच पुढं भारतनेट झाली. तिचं मोजमाप होतं ग्रामपंचायत, घर नव्हे. २०१८ साली वाशिम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, तरी हे माप तेच राहिलं.

उलटी वाट अमेरिकेनं धरली. तिथं गरीब कुटुंबाच्या बिलातून महिन्याला ३० डॉलरपर्यंत वजा व्हायचे. सवा दोन कोटींहून जास्त कुटुंबांना लाभ मिळाला. पैसा संपला, आणि जून २०२४ ला योजना बंद! केरळनं सरकारी जाळं उभारून गरिबांना मोफत जोडणी द्यायचं ठरवलं, आणि २०२३ मध्ये ते सुरू केलं.

आपल्याकडं ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचं सुधारित भारतनेट मंजूर झालं. त्यात दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर देण्याचं लक्ष्य आहे. म्हणजे बारा वर्षांनी हिशेबात 'घर' आलं. पण महिन्याचं बिल घरानंच भरायचं.

हे आता चैनीचं राहिलेलं नाही. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाईलवरून, ई-पीक पाहणीतून होते. मानोऱ्याच्या सोयाबीनवाल्याकडं नेट नसेल, तर सातबाऱ्यावर पीक चढवायला दुसऱ्याचा फोन धरावा लागतो. आपण रिचार्जमधून निधी भरतो. मग त्यातला वाटा बिलात का उतरू नये, हे विचारायचा हक्क आपला आहे.