टेंपोचा फाळका

टेंपो हे मुळात एका जर्मन कंपनीचे नाव. तिच्या परवान्याने 'हॅन्सीट' ही तीनचाकी मालगाडी आपल्याकडे बनवू लागली ती १९५८ साली निघालेली बजाज टेंपो कंपनी. पुढे आकुर्डीस तिचा कारखाना झाला. २००५ साली कंपनी फोर्स मोटर्स झाली. पण माल वाहणारी कुठलीही लहान गाडी खेड्यापाड्यांत टेंपोच राहिली.

सांगाडा कारखान्याचा नि हौदा बाहेरच्या कारागिराचा, ही मालगाड्यांतली जुनी रीत. हौद्याच्या मागे बिजागरीवर खाली पडणारी फळी म्हणजे फाळका. त्याचे बंद पाहा. घराच्या दाराची कडी-साखळी त्यात ओळखू येते, आणि चाक निसटू नये म्हणून बैलगाडीच्या आसात घालतात ती कुणीही!

आता चाकणच्या बाजाराला कांदा निघाला समजा. चढावर गोण्यांचा रेटा फाळक्यावर येतो. खीळ आडवी असली तर खड्ड्यागणिक सरकते. म्हणून जाणता लोहार ती वरून खाली बसेल अशी करतो. तिचे वजनच तिला धरून ठेवते. खालच्या टोकाला भोक पाडून तार ओवावी, हे उत्तम. साखळ्या दोन्हीकडे सारख्या ताणाव्यात, नाहीतर सगळा भार एकीवरच पडतो. खीळसुद्धा बारीक साखळीने फाळक्याला जखडावी. ती बाजारात हरवली की मंडळी सुतळीवर भागवतात, आणि मागून पाळी सुटलेला कामगार दुचाकीवर येत असतो, त्याला ती सुतळी दिसत नाही.