करमणुकीचे सूर आणि संगीताचा वर्ग

करमणुकीसाठी जन्मलेले संगीत शिकवण्याजोगे नसते, हा समज इतिहासच खोडून काढतो. १९११ च्या ‘संगीत मानापमान’ची पदे रंगभूमीवरून संगीतवर्गात आली. पेडण्याचा दशावतार पायपेटी, पखवाज व झांज एवढ्यावर देवदानवांचे युद्ध उभे करतो. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ खेळासाठी जपानी संगीतकार कोजी कोंडो यांना यंत्राने एका वेळी तीन स्वर आणि तालासाठी एक खरखर एवढेच दिले होते. त्यातूनच घडलेली धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत समाविष्ट झाली. पेडणे-डिचोलीच्या संगीतशिक्षकांनी ती वर्गात ऐकवावी, मुलांकडून तिचे स्वर व लय ओळखून घ्यावी. मुलांच्या कानी वसलेला सूर आपण नाकारला, तर आपला सूर ती कशी स्वीकारतील?