मेलेल्या तारेचा हप्ता

कोरमंगल्यातील केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करता करता आम्हांस एक गोष्ट कळून चुकली आहे: काम बंद पडले म्हणून त्याची फाइल बंद पडतेच असे नाही. परवा तारायंत्राचा इतिहास चाळीत असता याच जातीची, पण फारच थोर अशी एक फाइल आमच्या दृष्टीस पडली. तिची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

1857 चा उठाव झाला तेव्हा त्याची वार्ता लंडनला पोहोचावयास सुमारे दीड महिना लागला. राज्यकर्त्यांना या विलंबाने धडकीच भरली. 1858 च्या ऑगस्टात अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेतून व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश अमेरिकेस गेला खरा. पण त्यास सोळा तास लागले, आणि काही आठवड्यांतच ती तार मुकी झाली. तरीही तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानास तार नेण्याचा बेत पुढे रेटण्यात आला. कंपनीच्या आठ लाख पौंड भांडवलावर साडेचार टक्के, म्हणजे सालिना 36,000 पौंड, पन्नास वर्षे देण्याची हमी ब्रिटिश सरकारने घेतली. आणि तीही तार चालो वा न चालो! हिशेबतपासनिसाची झोप उडावी असेच हे कलम नव्हे काय?

1859 त सुएझपासून एडनपर्यंत आणि 1860 त एडनहून मस्कतमार्गे कराचीपर्यंत तार पडली. आत तांब्याच्या तारा, त्यांवर मलायातील झाडांच्या चिकापासून केलेल्या गटापर्चाचे वेष्टन आणि वर लोखंडी तारांचे कवच, अशी तिची घडण होती. परंतु टाकताना ती पुरेशी सैल सोडली नव्हती. समुद्राचा तळ उंचसखल. त्यामुळे दोन उंचवट्यांमध्ये ती वाळवणाच्या दोरीसारखी लोंबकळत राहिली. उष्ण पाण्यात कवच गंजले, शिंपले चिकटून वजन वाढले, आणि ती जागोजाग तुटू लागली. एक तुकडा सांधावा तोच दुसरा जाई. सुएझहून कराचीपर्यंत सलग असा एकही संदेश तिच्यातून गेला नाही.

हप्ता मात्र सुरूच राहिला, आणि त्याचा निम्मा भार हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आला. ज्या रयतेने ही तार मागितली नव्हती, पाहिलीही नव्हती, तिच्याच साऱ्यातून ही रक्कम जाऊ लागली. अशा अपयशांतून शास्त्रज्ञ पुष्कळ शिकले, हे आम्ही नाकारीत नाही. 1861 चा चौकशी अहवाल पुढील तारांना मार्गदर्शक ठरला. परंतु त्या शिक्षणाची फी कोणाकडून वसूल झाली, हेही लिहून ठेवावयास हवे.

1864 त इराणच्या आखातात टाकलेली तार टिकली. तिच्यापुढे तुर्कस्तानच्या जमिनीवरून जाताना मात्र संदेशांची पार मोडतोड होई. अखेर 1870 त ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज मुंबईस आले. नुकताच खुला झालेला सुएझचा कालवा त्यास अपुरा पडल्यामुळे ते आफ्रिकेला वळसा घालून आले होते. फेब्रुवारीत ते मुंबईहून एडनच्या रोखाने तार सोडीत निघाले, आणि जूनमध्ये मुंबई थेट लंडनशी बोलू लागली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईच्या पेढ्यांवर काही तासांत कळू लागला. ही तार खाजगी भांडवलावर उभी राहिली होती. सरकारी हमीची तिला गरज भासली नाही.

तांबड्या समुद्रातील जुन्या तारेचा हप्ता मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालूच होता.